कारखानीस बाईंनी कापलेलं पान

कारखानीस बाईंची पहिली ओळख मला वासावरून झाली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचा पहिला तास. आम्ही वर्गात शिरलो तर हिंगाचा असा काही भपकारा, की मुलींनी पदर नाकाला लावले. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आज आमटी हाय वाटतं." वर्ग हसत असतानाच बाई आल्या. कशाचीही दखल न घेता त्यांनी हजेरी घेतली आणि कान, नाक, डोळे, जीभ, कातडी यांवर पाऊण तास बोलल्या. घंटा व्हायच्या बेतात असताना त्यांनी विचारलं, "वास कधी गेला?"

बाईंनी टेबलाचा खण ओढून हिंगाची उघडी डबी वर काढली.

"गेला नाही. इथंच आहे. तुमच्या नाकानं त्याच्याकडे लक्ष देणं सोडलं, आणि कधी सोडलं तेही तुम्हाला कळलं नाही. वर्षभर आपण हेच शिकायचं."

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका कारकुनाची मुलगी. मानसशास्त्र घेतलं ते केवळ अर्थशास्त्राचा तास सकाळी सातला असायचा म्हणून. त्या पेपरचं नाव 'वेदन आणि संवेदन'. इंद्रियांनी आत पाठवलेला निरोप ते वेदन, आणि मेंदूनं त्याचा लावलेला अर्थ ते संवेदन. एवढी व्याख्या लिहिली की दोन मार्क पडायचे. बाकीचे मार्क बाईंच्या हातात होते आणि बाई आम्हाला वाघासारख्या वाटायच्या.

दिसायला तसं काही नव्हतं. ठेंगणी मूर्ती, पंचेचाळिशीचं वय, घट्ट अंबाडा, मनगटाच्या आतल्या बाजूला तबकडी येईल असं बांधलेलं घड्याळ. लग्न केलेलं नव्हतं. राजारामपुरीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मंडईतल्या भाजीवाल्यांतही त्यांचा दरारा होता. वजनं उचलून फरक ओळखायचा एक प्रयोग आम्हाला होता, आणि बाईंचा हात त्यात इतका मुरलेला, की वांग्यांची पिशवी हातात घेताच म्हणायच्या, "पावणं, तागडी पुन्हा लावा." तो कुरकुरत लावायचा आणि दोन वांगी गुपचूप वाढवायचा. मी एकदा हे पाहिलं आणि दुसऱ्या गल्लीतून निघून गेले, कारण त्या मलाही काहीतरी ओळखायला लावतील अशी धास्ती वाटली.

प्रयोगशाळेत त्यांचा एकच नियम होता. आकडा शाईनं लिहायचा आणि जसा आला तसा लिहायचा. चुकीचा वाटला तर खाली नवा लिहा, पण आधीचा खोडायचा नाही. खोडरबर दिसलं की जप्त. गेल्या वर्षीच्या मुलांच्या वह्यांवरून आकडे उतरवायची रीत सगळीकडे होती, आमच्याकडेही होती, पण ती करायची तर बाईंच्या हाती सापडायची तयारी ठेवून. पेठ वडगावचा एक व्यापाऱ्याचा मुलगा सापडला. घड्याळाची टिकटिक किती लांबून ऐकू येते, हा प्रयोग होता. बाईंनी वही वाचली, मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन उभ्या राहिल्या.

"तुझ्या वहीप्रमाणे तुला एवढ्यावरून ऐकू येतं. हं, ऐक."

अख्खा वर्ग गप्प. तो कानाला हात लावून घामाघूम.

"येतंय का?"

"न्हाय बाई."

"मग हे कुणाचे कान लिहिलेस?"

त्यानं चाळीस वाचनं पुन्हा केली, आणि एरवी छाती काढून चालणारा तो मुलगा बाई दिसल्या की जिन्याखाली उभा राहायला लागला.

प्रयोग जोडीनं करायचे असत. एक प्रयोगकर्ता, आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तो प्रयोज्य. वही प्रयोगकर्त्याची, पण पानाच्या डोक्यावर प्रयोज्याचं नाव, वय, सगळं लिहायचं. माझी जोडीदारीण मुरगूडकडची होती, वसतिगृहात राहायची. तिचं नाव मी शालन सांगते. खरं नाव सांगणार नाही, ते का ते पुढं कळेल. उंच, सावळी, मोकळं हसणारी. तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी हक्कानं खायची.

पावसाळा सरला तेव्हा स्पर्शाचा प्रयोग आला. प्रयोज्याचे डोळे काळ्या फडक्यानं बांधायचे, कंपासपेटीतल्या डिव्हायडरची दोन टोकं त्याच्या कातडीवर टेकवायची आणि विचारायचं, एक की दोन? बोटाच्या टोकावर टोकं अगदी जवळ असली तरी दोन कळतात. हातावर बरीच लांब न्यावी लागतात. मजेचा प्रयोग. शालनची बोटं झाली, तळवा झाला. तिची उत्तरं पटापट येत होती. मग मी तिच्या डाव्या मनगटाच्या वर, करंगळीच्या बाजूला टोकं टेकवली.

ती गप्प.

मी टोकं लांब केली. तरी गप्प.

"सांग की गं," मी म्हटलं.

"काय सांगू? टेकव की आधी."

मला वाटलं, चेष्टा करतेय. मी जरा दाबलं.

"अगं टेकव की! झोपलीस व्हय?"

मी खाली बघितलं. टोकाशी रक्ताचा बारीक थेंब आला होता. त्याच्या भोवती आठ आण्याएवढा फिकट डाग होता, इतका फिकट की मी तो रोज बघूनही बघितला नव्हता. शालन डोळ्यांवर फडकं बांधून हसत वाट बघत बसली होती. नियम म्हणजे नियम, म्हणून मी वहीत लिहिलं: 'काहीच कळत नाही.' पाच वेळा लिहिलं, शाईनं.

बाई टेबलाटेबलानं फिरत आमच्यापाशी आल्या. वही वाचली. शालनचा हात धरून उजेडाकडे वळवला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण बाकीच्यांना अर्धा तास आधी सोडलं, हे मी त्यांच्याबाबतीत पहिल्यांदाच बघत होते. खोली रिकामी झाल्यावर त्यांनी कापूस, टाचणी, एक गरम आणि एक गार पाण्याची नळी, असं सगळं त्या डागावर लावून पाहिलं. मग फडकं सोडलं. शालननं थेंब बघितला, आमची तोंडं बघितली, आणि तिला कुणी काही सांगायची गरजच उरली नाही.

"आत्याला आसंच झालं होतं," ती म्हणाली. "रक्तपिती. बाई, घरी कळलं तर मला गोठ्यात ठेवतील. तिला ठेवली होती. ती तिथंच मेली."

आज हा कुष्ठरोग गोळ्यांनी बरा होतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तेव्हाही गोळ्या होत्या, पण रोगापेक्षा त्याचं नाव मोठं होतं. ते नाव एका मुलीला लागलं की तिचं वसतिगृह, कॉलेज, धाकट्या बहिणींची लग्नं, सगळं एका दिवसात संपायचं.

बाईंनी दाराला कडी घातली. कपाटातून ब्लेड काढलं आणि माझ्या वहीतलं ते पान मुळापासून कापलं. वहीची पानं छापील आकड्यांची असायची. सदतीसनंतर आता एकोणचाळीस आलं. आयुष्यात ज्या बाईंनी एक आकडा खोडू दिला नाही, त्यांनी कागदाचे बारीक तुकडे केले आणि पर्समध्ये टाकले.

"सुमन," मला म्हणाल्या, "आईलाही नाही."

मी मान हलवली. शपथ घातली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं, कारण नुसत्या शब्दावर राहायची माझी मलाच खात्री नव्हती.

पुढचे दोन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. शालनचा हात मी धरला होता, तिच्या डब्यात जेवले होते. रोज आंघोळीच्या वेळी मी अंगभर सेफ्टी पिन टोचून बघायची. एकदा फोडणीची पळी दंडाला लावली आणि चटका बसला तेव्हा आनंदानं हसले. आई म्हणाली, "भाजलं तर हसतीयास काय, येडे?" जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं. शालनच्या डब्याला मात्र हात लावेना. पोट बिघडलंय म्हणायची. ती समजली. डबा घेऊन ती लांबच्या बाकावर बसायला लागली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

बाईंनी काय केलं, तर पुढच्याच रविवारी शालनला एसटीनं मिरजेला एका डॉक्टरांकडे नेलं. कोल्हापुरात कुणीतरी बघेल म्हणून. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, हिच्यापासून दुसऱ्याला लागण्याचं भय जवळजवळ नाही, पण तीन-चार वर्षं गोळी चुकवायची नाही. वसतिगृहात चौघींत एक कपाट, म्हणून गोळ्या प्रयोगशाळेत, आवाजाच्या प्रयोगाला लागणाऱ्या नादकाट्यांच्या पेटीत. रोज मधल्या सुट्टीत शालन जायची, बाई स्वतःच्या तांब्यातलं पाणी द्यायच्या, ती गोळी गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. मुली म्हणायच्या, शालन बाईंची लाडकी, प्रश्न आधी कळतात तिला. सुट्टीत ती गावी गेली की गोळ्या 'अशक्तपणाच्या' व्हायच्या, आणि बाई रोज सकाळी पोस्टमनची वाट बघत फाटकाशी उभ्या असायच्या. शालननं दर आठवड्याला एक कार्ड टाकायचं, त्यात 'तब्येत ठीक' एवढंच, असं ठरलं होतं.

मला वाटायचं, बाईंना भीती म्हणून नाहीच. एकदा रजेचा अर्ज द्यायला मी न विचारता प्रयोगशाळेचं दार ढकललं. बाई खिडकीशी बसल्या होत्या. डोळे घट्ट मिटलेले, पदर खांद्यावर घेतलेला, आणि उजव्या हातातल्या डिव्हायडरनं स्वतःच्या डाव्या हातावर टोचत होत्या. मनगट, कोपर, दंड. ओठ हलत होते. एक, दोन, दोन, एक. शेजारी लाल साबणाची वडी झिजून पापडासारखी पातळ झाली होती.

मी परत फिरणार तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले.

"ये. तूही रोज हेच करतेस ना?"

मी रडायलाच लागले.

"डॉक्टर सांगतात भय नाही. मी मुलांना शिकवते, इंद्रियांवरचा विश्वास कसा तपासावा. तरी रोज हात धुते, रोज बघते. शहाणपण डोक्यात असतं, भीती पोटात." मग म्हणाल्या, "तर खुशाल घाबर तू. मीही भिते. फक्त तिच्यासमोर नाही भ्यायचं. उद्या डब्याला तिच्याशेजारी बस. घास नाही उतरला तर पाणी पी, पण बस."

मी बसले. घास उतरला नाही, पाणी प्याले. शालननं चटणी पुढं सरकवली. चौथ्या दिवशी मी ती खाल्ली.

वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. कडक गृहस्थ, वह्यांची पानं थुंकी लावून मोजणारे. माझी वही उलटता उलटता त्यांचं बोट थांबलं.

"अडतीस कुठं आहे?"

त्यांनी वहीच्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"पान ब्लेडनं कापलंय. कोणता प्रयोग होता? प्रयोज्य कोण?"

शालन माझ्या मागच्या टेबलाशी होती. मी वळले नाही, पण तिच्या हातातलं वजन टेबलावर पडल्याचं ऐकलं. परीक्षकांनीही ऐकलं, आणि ते मान वर करून तिकडे बघायला लागले. टेबलावरच्या यादीत प्रत्येक जोडीची नावं लिहिलेलीच होती. यादीवर बोट फिरवायला त्यांना किती वेळ लागणार होता?

"पान मी कापलंय," कारखानीस बाई म्हणाल्या.

त्या खिडकीजवळून चालत आल्या आणि यादीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तुम्ही? का?"

"कारण सांगणार नाही."

"बाई, मला हे लिहून द्यावं लागेल वरती."

"लिहा. मुलीचा दोष नाही असंही लिहा. शाईनं लिहा."

त्यांनी लिहिलं. वर्षभरात बाईंचं नाव परीक्षकांच्या यादीतून गेलं. विभागप्रमुखपद त्यांच्याकडे यायचं होतं, ते त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलं. कॉलेजभर झालं, की कारखानीस बाईंनी मार्क वाढवायला मुलीची वही फिरवली. टिकटिकीवाला तो वडगावचा मुलगा जिन्याखालून बाहेर आला आणि त्यांच्यासमोर मोठ्यानं म्हणाला, "आमालाच तेवढं आकडं शिकवायचं!" बाई ऐकून न ऐकल्यासारखं करून वर्गावर गेल्या. मला ते अजून सलतं. मी एक वाक्य बोलले असते तर बाई सुटल्या असत्या, आणि शालन संपली असती. मी गप्प राहिले. थोडी तिच्यासाठी, बरीचशी माझ्यासाठी.

"निदान प्राचार्यांना तरी सांगा," मी एकदा म्हटलं.

"प्राचार्य भला माणूस आहे," बाई म्हणाल्या. "पण त्यांना बायको आहे, आणि बायकोला महिला मंडळ आहे."

शालन बी. ए. झाली. गोळ्या चार वर्षं चालल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, रोग गेला. त्या जागेवरचा स्पर्श मात्र परत येईल असं नाही. शालनला गावाजवळच्याच एका शाळामास्तरांचं स्थळ आलं तेव्हा बाईंनी एकच अट घातली, मुलाला तू स्वतः सांगायचं. ती बाईंना घेऊन गेली आणि तिनं सांगितलं. मास्तर म्हणाले, "डॉक्टर बरं झालं म्हणत्यात, तर माझी काय हरकत न्हाय. पर माझ्या आईला कळाय नको. आई जीव दील." बाई मला म्हणाल्या, "निम्मी भीती गेली. उरलेली निम्मी त्या म्हातारीच्या डोळ्यांत आहे." मास्तरांच्या धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघणं चालू होतं. लग्न मोडायला म्हातारीला नुसता संशय पुरला असता.

लग्न शालनच्या दारात होतं. आदल्या दिवशी दुपारी चुडा भरायचा कार्यक्रम. मी सासरहून, आणि बाई कोल्हापूरहून आल्या होत्या. सोप्यात बायकांची दाटी. नवऱ्याकडची माणसं मुक्कामाला आलेली, आणि शालनच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून, तिची होणारी सासू बसलेली. कासार नवरीचा हात भरत होता. पलीकडे कासारीण आल्यागेल्या बायकांच्या हातात दोन दोन हिरव्या बांगड्या घालत होती. बाई तिच्यासमोर हात पुढं करून बसल्या होत्या, पण नजर शालनच्या हातावर. उजवा हात भरून झाला. डावा आला.

मोठ्या हाडाची मुलगी, बांगडी लहान. कासारानं हात दाबून बांगडी चढवली आणि ती पुढं जाता जाता कट्कन फुटली. काचेचा तुकडा मनगटाच्या वर, करंगळीच्या बाजूला घुसला.

शालन सासूच्या कुठल्यातरी बोलण्यावर हसत होती. हसतच राहिली.

कासार थांबला. "पोरी," तो म्हणाला, "काच घुसली की. कळलं न्हाय व्हय तुला?"

सासूनं मान खाली घातली आणि हाताकडे बघितलं. रक्ताची धार कोपराकडे निघाली होती. मग तिनं शालनच्या तोंडाकडे बघितलं. ते हसू अजून तिथंच होतं. सोप्यातला गलका एकदम कमी झाल्यासारखा मला वाटला.

तेवढ्यात पलीकडून अशी किंकाळी आली की दारातली कोंबडी उडाली.

"आई आई गंऽऽ! मेले गं बाई!"

कारखानीस बाई. मनगटावरची बांगडी त्यांनी उजव्या मुठीत धरून चुरडली होती. मूठ उघडली तेव्हा तळव्यातून रक्त गळत होतं. आयुष्यात कधी आवाज न चढवलेली ती बाई जमिनीवर लोळण घ्यायची बाकी होती. सगळ्या बायका तिकडे धावल्या. सासूही उठली, "आगं हळद आणा, हळद!" म्हणत. शालननं हात पदरात ओढून घेतला आणि मागच्या दारानं न्हाणीत गेली. मी तिच्यामागे धावले, काच काढली, चिंधी बांधली. परत आलो तेव्हा सासू बाईंच्या तळव्यावर हळद दाबत होती आणि सुनेचा हात साफ विसरली होती.

मी त्यानंतर नवऱ्याच्या बदलीमुळे लांब गेले. बाई निवृत्त झाल्याचं आणि नंतर गेल्याचं पत्रानंच कळलं. शालनला दोन मुलं झाली. मला बाई शेवटच्या दिसल्या त्या तिथंच, त्या सोप्यात. भिंतीला टेकून बसलेल्या, तळवा सासूच्या मांडीवर, आणि डोळ्यांतून पाण्याच्या खरोखरच्या धारा. इतकी वर्षं कुठं ठेवलं होतं एवढं पाणी, कोण जाणे. कासारीण त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "बास की वो बाई, उगी उगी. येवढंसं तर लागलंय."